मुक्त विद्यापीठ, श्रमिक विद्यार्थी आणि शिक्षकाचा शेरा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणाच्या प्रश्नावर समाजवादी कार्यकर्ते बोलू लागले की चर्चा सहसा तीन गोष्टींभोवती फिरते : प्रवेश, शुल्क आणि अनुदान. महाविद्यालयाचे दार कुणाला उघडे आहे, आत जाण्याची किंमत किती आणि ती कुणी द्यायची, हे प्रश्न मूलभूत आहेत यात शंका नाही. परंतु दार उघडल्यानंतर आत आलेल्या माणसाने लिहिलेले कोण वाचते आणि वाचून त्याला काय सांगते, या प्रश्नाकडे चळवळीचे लक्ष क्वचितच जाते. तो शिक्षकांचा अंतर्गत, तांत्रिक प्रश्न समजला जातो. दूरशिक्षणाच्या बाबतीत ही समजूत फार महागात पडते. तेथे रोजचा वर्ग नाही, फळा नाही, तास संपल्यावर शिक्षकाला गाठून शंका विचारण्याची सोय नाही. विद्यार्थ्याने लिहून पाठविलेला स्वाध्याय आणि त्यावर शिक्षकाने लिहिलेला शेरा, एवढाच बहुधा दोघांमधला प्रत्यक्ष दुवा असतो. तो शेरा कसा असावा, तो कुणी लिहावा, लिहिणाऱ्याला किती वेळ आणि किती मोबदला मिळावा, हा अखेर समतेचाच प्रश्न आहे. त्याचा विचार त्याच अंगाने व्हावयास हवा.

टपालाने शिकणाऱ्यांची परंपरा

दूरशिक्षण ही संगणकयुगाची देणगी आहे, असे अलीकडे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः त्याचा जन्म टपालाच्या पेटीत झाला. १८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर पत्र पोचविणारी टपालव्यवस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, पिटमन यांनी तो दुरुस्त करून परत करायचा, अशी ती रीत होती. छापील पुस्तक त्याआधीही मिळत होते. नवे होते ते दुरुस्त होऊन परत येणारे कागद. दूरशिक्षणाचा आरंभच मुळी दुरुस्तीपासून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कामगार चळवळीने हे साधन लवकरच आपलेसे केले. १८९९ मध्ये ऑक्सफर्ड येथे कामगारांसाठी रस्किन हॉल स्थापन झाले, तेव्हा तेथे येऊन राहणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्यासाठी पत्रद्वारा शिक्षणाची सोय करण्यात आली. खाणीत किंवा रेल्वेत काम करणारा माणूस रात्री निबंध लिहून पाठवी आणि तो अभिप्रायासह परत येई. पुढे १९२१ मध्ये राष्ट्रीय श्रमिक महाविद्यालय परिषद स्थापन झाली. तिने टपाली अभ्यासक्रम चालविले आणि अर्थशास्त्र, कामगार चळवळीचा इतिहास, सभाशास्त्र, लेखन अशा विषयांत हजारो कामगार संघटकांना तयार केले. १९६४ मध्ये ही परिषद ब्रिटिश कामगार संघटनांच्या मध्यवर्ती काँग्रेसच्या शिक्षणविभागात विलीन झाली.

मुक्त विद्यापीठाची कल्पना याच भूमीत रुजली. १९६३ मध्ये मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी ग्लासगो येथील भाषणात नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या साहाय्याने चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय मुख्यतः जेनी ली यांना द्यावे लागते. त्या स्कॉटलंडमधील खाणकामगाराच्या कन्या, आणि राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांच्या पत्नी. मंत्री म्हणून त्यांनी एक आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही : कामकरी माणसासाठी म्हणून दुय्यम दर्जाची संस्था निघता कामा नये, पदवी इतर कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीच्या तोडीची हवी. १९६६ मध्ये सरकारची श्वेतपत्रिका निघाली, १९६९ मध्ये विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांना घेऊन काम सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षेची अट नव्हती. या योजनेची संभावना हुजूर पक्षाच्या एका ज्येष्ठ नेत्याने निव्वळ मूर्खपणा अशा शब्दांत केली होती.

या विद्यापीठाची कीर्ती झाली ती पहाटे आणि रात्री दूरचित्रवाणीवर दाखविल्या जाणाऱ्या व्याख्यानांमुळे. परंतु ते टिकले आणि त्याच्या पदवीला मान मिळाला तो एका कमी दिसणाऱ्या व्यवस्थेमुळे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक शिक्षक नेमून दिलेला असे. वर्षातून ठरावीक वेळा विद्यार्थी त्याच्याकडे स्वाध्याय पाठवी. शिक्षक गुण देई, कागदाच्या समासात जागोजागी टीपा लिही आणि वेगळ्या पत्रकावर एकूण कामाविषयी सविस्तर अभिप्राय देई. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की शिक्षकांनी तपासलेल्या स्वाध्यायांपैकी काही नमुने दुसऱ्या अनुभवी शिक्षकाकडे जात. गुण योग्य दिले आहेत काय एवढेच पाहून तो थांबत नसे. लिहिलेला अभिप्राय विद्यार्थ्याला उपयोगी पडेल काय, हेही तो पाही आणि शिक्षकाला तसे कळवी. म्हणजे शेरा लिहिणे हीदेखील शिकण्याची व शिकविण्याची गोष्ट आहे, हे त्या विद्यापीठाने मान्य केले होते. कागद जाऊन संगणकाचा पडदा आला, तरी ही पद्धत तेथे आजही चालू आहे.

भारतातील वाटचाल

भारतात पत्रद्वारा पदवीशिक्षणाचा प्रारंभ दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये केला. आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद. घरकामातून वेळ काढणाऱ्या स्त्रिया, पाळीवर जाणारे कामगार, शेतावर राबणारे तरुण, शिपाई, अंगणवाडी सेविका अशा लाखो लोकांना या संस्थांनी पदवीच्या वाटेवर आणले, हे त्यांचे कार्य कुणीही कृतज्ञतेने मान्य करील.

महाराष्ट्राला तर या कामाचा फार जुना वारसा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कामकऱ्यांसाठी रात्रशाळा चालविली. दिवसभर राबणारा माणूस रात्री शिकू शकतो, त्यासाठी शाळेने त्याच्या वेळेला जुळवून घ्यावे, हे तत्त्व त्या दांपत्याने मुक्त विद्यापीठांच्या शतकभर आधी आचरणात आणले. त्या शाळेत शिकविणारा समोर बसलेला होता, एवढाच काय तो फरक. दूरशिक्षणात समोर बसलेल्या त्या शिक्षकाची जागा शेऱ्याने भरून काढावयाची असते. ती भरून निघते काय, हा खरा प्रश्न आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार दूरशिक्षणात सत्रातील सातत्यपूर्ण मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार दिला जातो. कागदावर व्यवस्था आहे. पण जेथे स्वाध्याय परतच मिळत नाही, किंवा परीक्षा झाल्यावर मिळतो, किंवा मिळाला तर त्यावर एक आकडा आणि एक वळणदार सही एवढेच असते, तेथे त्या ३० टक्क्यांत मूल्य आहे, मापन आहे, शिक्षण नाही.

आकारिक आणि संकलित

मूल्यमापनाचे दोन प्रकार शिक्षणशास्त्र मानते. मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने १९६७ मध्ये हा भेद प्रथम स्पष्टपणे मांडला. मराठीत त्यांना आकारिक आणि संकलित मूल्यमापन म्हणतात. शिकण्याचे काम चालू असताना, पुढचे पाऊल सुधारावे म्हणून केलेले ते आकारिक. काम संपल्यावर निकाल देण्यासाठी केलेले ते संकलित. कुंभार मडके थापताना आतून हात लावून बघतो तो पहिला प्रकार. भाजलेले मडके गिऱ्हाईक टिचकी मारून बघते तो दुसरा. दोहोंची गरज आहे. पण टिचकी कितीही वेळा मारली तरी मडक्याला आकार येत नाही.

रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ मध्ये या विषयाची फार नेमकी मांडणी केली. विद्यार्थ्याला सुधारणा करावयाची असेल तर तीन गोष्टी हव्यात. चांगले काम कशाला म्हणतात हे त्याला कळले पाहिजे. आपले काम त्याच्या तुलनेत कोठे आहे हे दिसले पाहिजे. आणि मधले अंतर तोडण्यासाठी काय करावे हे समजून तसे करण्याची संधी मिळाली पाहिजे. यांतील तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन वाया जातात. दहापैकी चार गुण मिळाले, एवढ्याने विद्यार्थ्याला अंतर कळते; वाट कळत नाही.

गुण आणि शेरा यांच्या संबंधावर रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना केवळ गुण देण्यात आले, काहींना केवळ अभिप्राय, तर काहींना दोन्ही. ज्यांना केवळ अभिप्राय मिळाला त्यांचे काम सुधारले आणि विषयातील गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्या मुलांना मात्र अभिप्रायाचा तसा लाभ झाला नाही. आकड्याने शब्द झाकून टाकले. मुलांवरील निष्कर्ष प्रौढांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. तरीही चाळिशीला आलेला, पुन्हा वही उघडलेला माणूस आपल्या स्वाध्यायावर प्रथम काय पाहतो, हे कोणत्याही अभ्यासकेंद्रावर जाऊन पाहता येईल. तो आकडा पाहतो. आकडा लहान असेल तर पुढचे वाचण्याचे बळच त्याच्यात उरत नाही.

एका उत्तराचे दोन शेरे

तत्त्वाची चर्चा उदाहरणावाचून पोकळ राहते. समजा, साखर कारखान्यात हंगामी काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला स्वाध्यायात प्रश्न आला : महाराष्ट्रात रोजगार हमी योजना कोणत्या परिस्थितीत आली? त्याने दोन पाने लिहिली. १९७२ च्या दुष्काळाचे वर्णन केले, खडी फोडण्याच्या कामांविषयी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले सांगितले आणि शेवटी लिहिले, की दुष्काळ पडला म्हणून सरकारने योजना आणली.

एक शिक्षक यावर लिहील : "उत्तर अपुरे. मुद्देसूद लिहा. ४/१०." या शेऱ्यात खोटे काही नाही. पण विद्यार्थ्याला त्यातून एवढेच कळते की तो कमी पडला. कोणता मुद्दा राहिला आणि 'मुद्देसूद' म्हणजे काय, हे त्याला आधीच ठाऊक असते तर त्याने तसे लिहिले नसते काय?

दुसरा शिक्षक लिहील : "दुष्काळी कामांचे वर्णन जिवंत उतरले आहे आणि ते या उत्तरात हवेच. आता एका प्रश्नाचा विचार करा. दुष्काळ त्यापूर्वीही अनेकदा पडले होते आणि सरकारी कामेही निघाली होती. मग याच वेळी योजना येऊन १९७७ मध्ये तिचा कायदा का झाला? वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना आणि ग्रामीण श्रमिकांनी केलेली आंदोलने यांविषयी पाठ्यपुस्तकात वाचा व एक परिच्छेद जोडा. सरकारने कृपा म्हणून काढलेले काम आणि हक्क म्हणून मागता येणारे काम यांतील फरक दोन वाक्यांत लिहिलात, तर उत्तराला कणा येईल. पुढच्या स्वाध्यायातील तिसऱ्या प्रश्नातही 'का' विचारले आहे. तेथे हीच रीत उपयोगी पडेल."

हा शेरा लांब आहे, पण त्याची थोरवी लांबीत नाही. विद्यार्थ्याने जे बरोबर केले ते नेमके कोणते, हे त्याने आधी सांगितले. कोरडी स्तुती केली नाही. मग उणीव दाखविली, पण उत्तर आयते दिले नाही. प्रश्न विचारून विचाराला वाट करून दिली. सुधारणा कोठे व किती करावयाची ते ठरवून दिले. शेवटी या स्वाध्यायातून पुढच्या स्वाध्यायाकडे बोट दाखविले. आणि घरी ऐकलेल्या अनुभवाला ज्ञानाचा दर्जा दिला. श्रमिक विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची ठरू शकते, कारण त्याच्यापाशी पुस्तके थोडी असतील, पण जगण्याचा अनुभव भरपूर असतो.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या प्रशिक्षण-साहित्यात शेऱ्यांची वर्गवारीच केलेली आहे. विधायक शेरे आहेत, तसेच पोकळ शेरे, दिशाभूल करणारे शेरे आणि चक्क घातक शेरेही आहेत. 'छान', 'ठीक', 'पाहिले' हे पोकळ. 'हे तुमच्या आवाक्याबाहेरचे आहे' हे घातक. महाविद्यालयात अपमान झालेला विद्यार्थी मित्रांत बसून तो हसण्यावारी नेऊ शकतो. दूरशिक्षणातील विद्यार्थी तो शेरा रात्री एकटा वाचतो आणि पुस्तके माळ्यावर टाकतो. विद्यापीठाच्या दफ्तरी त्याची नोंद 'गळती' या एका शब्दात होते.

भाषेचा अडसर

शेऱ्यांचा विचार करताना भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात, कोकणात वाढलेला विद्यार्थी स्वाध्याय लिहितो तेव्हा त्याच्या वाक्यात त्याच्या मुलखाची बोली येते. 'आणि'चे 'आनि' होते, ऱ्हस्वदीर्घ चुकतात, एखादे क्रियापद घरच्या वळणाने येते. लाल शाई हातात असलेल्या शिक्षकाचे लक्ष प्रथम तेथेच जाते, कारण त्या चुका शोधण्यास विचार करावा लागत नाही. पान लालेलाल होते. विद्यार्थ्याने मांडलेला विचार बरोबर की चूक, अर्धा की पूर्ण, यावर मात्र एक शब्दही नसतो. त्याला संदेश पोचतो तो असा, की ज्ञानाच्या दारात येण्यापूर्वी त्याने आपली भाषा बाहेर काढून ठेवावी.

याचा अर्थ प्रमाण लेखन शिकवू नये असा नव्हे. अर्ज, अहवाल, निवेदन, न्यायालयीन कागद हे सर्व प्रमाण भाषेत चालते, आणि ती भाषा बहुजनांच्या हाती न देणे हाही अन्यायच ठरेल. परंतु क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम विचाराला उत्तर द्यावे. मग वारंवार होणाऱ्या दोन किंवा तीन चुका निवडून त्यांचा नियम समजावून सांगावा. बाकीच्या पुढच्या वेळेसाठी ठेवाव्यात. एका वेळी चाळीस चुका दाखविणारा शिक्षक परिश्रमी असेल, पण त्याच्या परिश्रमातून विद्यार्थी शिकतो ती एकच गोष्ट : कमी लिहावे, म्हणजे कमी चुका होतात.

शेऱ्याचे अर्थकारण

एवढे सगळे उघड असताना चांगला शेरा दुर्मीळ का? शिक्षकांच्या आळसावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. कारण त्याहून खोल आहे आणि ते अर्थकारणात आहे.

दूरशिक्षण स्वस्त पडते ते एका साध्या गणिताने. पाठ्यपुस्तक एकदाच लिहावे लागते. ते एक हजार लोकांनी वाचले काय किंवा एक लाख लोकांनी, लिहिण्याचा खर्च तोच राहतो आणि माणशी खर्च उतरत जातो. ध्वनिफीत, चित्रफीत, संगणकावरील व्याख्यान, सर्वांना हाच नियम लागू आहे. शेऱ्याला मात्र तो लागू नाही. एक स्वाध्याय नीट वाचून त्यावर उपयोगी अभिप्राय लिहिण्यास अर्धा तास लागतो असे धरले, तर दहा हजार स्वाध्यायांना पाच हजार तास लागतात. एक लाख स्वाध्यायांना पन्नास हजार. येथे संख्या वाढल्याने काटकसर होत नाही. म्हणून खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली की ती प्रथम याच ठिकाणी चालते. इमारत दिसते, संगणक दिसतो, उद्घाटनाची कोनशिला दिसते. समासातली टीप कुणाला दिसत नाही.

ही कात्री ज्याच्यावर चालते तो शिक्षकही श्रमिकच आहे, हे विसरता कामा नये. दूरशिक्षणाचे तपासनीस आणि संमंत्रक बहुधा अर्धवेळ असतात. त्यांचे काम नगावर मोजले जाते. नगावर मजुरी मिळाली की काय होते, हे विडी कामगारांच्या आणि यंत्रमागाच्या कामगारांच्या संघटकांना समजावून सांगण्याची गरज नाही. हात वेगाने चालू लागतो. ज्या शिक्षकाला एका स्वाध्यायामागे चहाच्या किमतीएवढे मानधन मिळते आणि तेही महिनोन्महिने थकते, त्याच्याकडून अर्ध्या तासाच्या सहृदयतेची अपेक्षा करणे ही नैतिकतेच्या नावाखाली केलेली पिळवणूक होय.

या बाबतीत ब्रिटनमधील उदाहरण बोलके आहे. तेथील मुक्त विद्यापीठाचे शिक्षक वर्षानुवर्षे मुदतीच्या करारांवर काम करीत होते. त्यांच्या संघटनेने दीर्घकाळ वाटाघाटी केल्या आणि २०२२ मध्ये चार हजारांहून अधिक शिक्षकांना कायम स्वरूपाचे करार मिळाले. त्याच देशात दुसरी बाजूही दिसली. इंग्लंडमध्ये २०१२ पासून शुल्क प्रचंड वाढविण्यात आले आणि अर्धवेळ शिकणाऱ्या प्रौढांची संख्या झपाट्याने घसरली. शेरा चांगला असला तरी शुल्काने दार बंद झाले तर तो वाचणारा उरत नाही. दाराचा लढा आणि शेऱ्याचा लढा एकमेकांपासून तोडता येणार नाहीत.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की बहुसंख्य विद्यार्थी शेरे वाचतच नाहीत. त्यांना गुण आणि पदवी हवी असते. यात तथ्य आहे. दिवसभर राबून आलेला माणूस ज्याला गुण नाहीत असे काम करण्यास राजी नसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु उपाय शेरा बंद करणे हा नव्हे. शेऱ्याचा उपयोग पुढच्या कामात झाला पाहिजे, अशी रचना करावी लागते. पुढच्या स्वाध्यायाच्या आरंभी 'मागील अभिप्रायावरून कोणती सुधारणा केली' हे विद्यार्थ्याने चार ओळींत लिहावे आणि त्याला थोडे गुण असावेत, एवढ्यानेही शेरा वाचला जातो. वाचावयास मिळतो तो मात्र वेळेवर हवा. ब्रिटिश विद्यापीठात स्वाध्याय साधारण दहा कामाच्या दिवसांत परत करण्याचा दंडक आहे. परीक्षेनंतर आलेला अभिप्राय म्हणजे पेरणी उरकल्यावर आलेले बियाणे.

दुसरा आक्षेप नकलेचा. सोडविलेले स्वाध्याय बाजारात विकत मिळतात, मग त्यांवर शेरे लिहून काय उपयोग? पण ही बाजारपेठ निर्माण कशाने झाली? तेच ते प्रश्न वर्षानुवर्षे देणे आणि लिहिलेले कुणी वाचत नाही अशी विद्यार्थ्यांची खात्री पटविणे, या दोन गोष्टींनी. आपले लिखाण कुणीतरी खरोखर वाचणार आहे, हा विश्वास नकलेवरचा एकमेव औषधोपचार नसेल, पण तोच पहिला आहे. प्रश्न विद्यार्थ्याच्या गावाशी, कामाशी, अनुभवाशी जोडलेला असला तर आयते उत्तर विकणाऱ्याचीही पंचाईत होते.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. उत्तरे तपासण्याचे आणि अभिप्राय लिहिण्याचेही काम आता यंत्र करू लागले आहे. मग माणसाची गरज काय? समाजवाद्याने यंत्राला यंत्र म्हणून विरोध करण्याचे कारण नाही. पर्यायी उत्तरांचे प्रश्न, गणिताच्या पायऱ्या, शुद्धलेखन यांची तत्काळ तपासणी यंत्राने करून दिली, तर विद्यार्थ्याची प्रतीक्षा वाचेल. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने संगणकाने तपासावयाचे स्वाध्याय आरंभापासून वापरले, पण ते शिक्षकाने तपासावयाच्या स्वाध्यायांच्या जोडीला. प्रश्न आहे तो वाचलेल्या वेळेचे काय करावयाचे हा. तो वेळ शिक्षकाने विद्यार्थ्याशी बोलण्यात घालविला तर यंत्र मुक्तिदायक ठरेल. तो वेळ शिक्षकाला कामावरून कमी करण्यासाठी वापरला, तर समाजात दोन शिक्षणव्यवस्था तयार होतील : पैसेवाल्यांच्या मुलांना माणूस शिकवील आणि गरिबांच्या मुलांना यंत्र. जेनी ली यांनी ज्या दुय्यम दर्जाला विरोध केला, तो अशा रीतीने मागल्या दाराने परत येईल.

मागण्या आणि कर्तव्य

यातून काही स्पष्ट मागण्या निघतात. तपासलेला स्वाध्याय अभिप्रायासह, ठरावीक मुदतीत आणि पुढचा स्वाध्याय देय होण्यापूर्वी परत मिळणे, हा विद्यार्थ्याचा हक्क मानला जावा. पहिल्या स्वाध्यायावर केवळ अभिप्राय असावा, गुण नसावेत. नव्याने वही उघडलेल्या माणसाचा पहिला अनुभव आकड्याचा नसावा. शिक्षकाला मानधन वेळेवर व लागणाऱ्या वेळाच्या प्रमाणात मिळावे आणि एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असावेत याला मर्यादा असावी. अभिप्राय लिहिण्याचे प्रशिक्षण व नमुना-तपासणी यांची व्यवस्था प्रत्येक विद्यापीठात असावी, आणि तिचा हेतू शिक्षकाला शिक्षा करण्याचा नसून त्याला मदत करण्याचा असावा. विद्यापीठांच्या अंदाजपत्रकांत शेऱ्यावर होणारा खर्च वेगळा दाखविला जावा, म्हणजे कात्री कोठे चालते ते सर्वांना दिसेल.

मागण्या करून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. तालुक्याच्या गावी मुक्त विद्यापीठाचे पाच-दहा विद्यार्थी सहज सापडतात. ते एकमेकांना ओळखतही नसतात. पक्षाच्या कार्यालयातील एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना दिली, स्वाध्याय पाठविण्यापूर्वी त्यांनी ते एकमेकांना वाचून दाखविले आणि गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने त्यांत भाग घेतला, तर दूरशिक्षणातले दूरपण पुष्कळच कमी होईल. दुसऱ्याचे उत्तर ऐकताना चांगले उत्तर कशाला म्हणतात हे कळते, आणि सॅडलर यांनी सांगितलेली पहिली अट तेथेच पुरी होते.

संघटनेच्या अभ्यासवर्गांनाही हाच निकष लावून पाहिला पाहिजे. तेथे बौद्धिके होतात, वक्ते येतात, टाळ्या पडतात. पण तरुण कार्यकर्त्याने लिहिलेला अहवाल, तयार केलेले पत्रक, केलेले पहिले भाषण यांवर त्याला कुणी शांतपणे काही सांगते काय? की 'चांगले झाले' अशी पाठ थोपटून किंवा चारचौघांत चूक काढून विषय संपविला जातो? श्रमिक माणूस विचार करू शकतो, यावर श्रद्धा असल्याचे समाजवादी सांगतात. त्या श्रद्धेची कसोटी व्यासपीठावर होत नाही. त्याने लिहिलेले पान हाती आल्यावर ते पुरते वाचले जाते की नाही, आणि वाचून झाल्यावर त्याला पुढचे पाऊल दाखविले जाते की नाही, तेथे ती होते. शाळेचे दार उघडण्यासाठी या चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली आहे. दारातून आत आलेल्याचे लिखाण वाचले जावे, ही मागणी त्याच झुंजीचा पुढचा टप्पा आहे, आणि ती अभ्यासकेंद्रांच्या, विद्यापीठांच्या व विधिमंडळाच्या दारी नेण्याचे काम कार्यकर्त्यांनी आता हाती घ्यावयास हवे.